खात्यात किमान वेतन जमा होते, पण ठेकेदार रोख परत घेतो

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचे काम करतो. खात्यात पगार पूर्ण जमा होतो, मात्र दोनच दिवसांत मुकादम येऊन तीन हजार रुपये रोख परत घेतो. कामावर घेताना कमी पगार मान्य असल्याचे लिहूनही घेतले आहे. तक्रार करता येईल का?

उत्तर १: अवश्य. कामगाराने किमान वेतनाचा हक्क स्वतः सोडून दिला, तरी वेतन संहिता, २०१९ नुसार तसा करार रद्दबातल ठरतो. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारीच ठरवली होती.

उत्तर २: कायदा ठीक, पण खरी अडचण पुराव्याची आहे, वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असला, तरी येथे बँकेची नोंद त्याच्याच बाजूने बोलते. म्हणून पैसे काढल्याच्या तारखा व मुकादमाचे व्हॉट्सॲपवरील निरोप जपून ठेवावेत आणि चार-पाच जणांनी मिळून सहायक कामगार आयुक्तांकडे जावे. एकट्याने गेल्यास दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात.

प्रश्नकर्ता: आणि ठेकेदारच पसार झाला तर?

उत्तर १: त्याने वेतन थकवल्यास जबाबदारी आस्थापनेच्या मालक कंपनीवर येते, त्यामुळे अर्जात कारखान्याचेही नाव घाला.