सरत्या वर्षात काय वाचलंत?

मंडळी, 2025 संपत आलं. याद्या नकोत. कोणत्या पुस्तकाने धरून ठेवलं, कोणत्या पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकापाशी नेऊन सोडलं, ते सांगा. कादंबरी, कविता, कायदा, ऐकलेलं, मुलांना वाचून दाखवलेलं, सगळं चालेल. ठाणे आणि नवी मुंबईकरांनी जरूर लिहा. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे

माझं वर्ष 1857 मध्येच गेलं म्हणा ना! विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' हाती घेतलं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघतो, वाटेत बंडात सापडतो आणि थेट झाशीच्या वेढ्यात अडकतो. इतिहासाची पुस्तकं सेनापतींची नावं सांगतात. गोडसे भटजी मात्र सांगतात की त्या दिवसांत गावात पाणी कुठून आणत होते, जेवायचे काय, लपायचे कुठे. एवढं सगळं भोगून हा माणूस आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावरून घरी घेऊन येतो. तिथे मला वाचन थांबवावं लागलं. हे पुस्तक छापून आलं ते 1907 साली, चिंतामणराव वैद्यांमुळे. तेव्हा गोडसे हयात नव्हते.

मग वाटलं, त्याच 1857 साली मराठीत दुसरं काय लिहिलं जात होतं? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' त्याच वर्षी आली. विधवांच्या हालअपेष्टांवरची कादंबरी. विधवापुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झालेला. एकीकडे गोळीबार, दुसरीकडे घराच्या माजघरातलं हे मुकं दुःख. ते वर्ष मला पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी दिसलं. पुढची पायरी आपोआप ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'ची, 1882 ची. काय धार आहे त्या बाईच्या भाषेला! आजही वाचताना अंगावर येते.

आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, त्याच्या संस्थापकांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे होते. जुनं मराठी वाचायची ओढ लागली की पाय तिकडे वळतातच.

ऐरोली

मारुती चितमपल्ली जूनमध्ये गेले, तेव्हापासून त्यांचंच वाचतोय. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', मग 'चकवाचांदण'. वनखात्यातला अधिकारी, पण आदिवासींकडून शिकत राहिलेला. झाडाखाली बसून ऐकलेलं तेवढ्याच आदराने लिहितात, जेवढ्या आदराने संस्कृत ग्रंथातलं. माझ्या वाचनाने बाहेर पडायला लावलं, हे खरं. खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात हे माहीत होतं, आता सुट्टीच्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून निघतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि ते खायला उतरतात. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला, तोही याच ओढीने शोधून वाचला.

सानपाडा

मी परिचारिका. रात्रपाळीनंतर डोळे उघडे ठेवून वाचणं होत नाही, म्हणून ठाण्याहून येताना लोकलमध्ये कानाला लावून ऐकते. यंदा बहिणाबाई ऐकल्या, पुन्हा पुन्हा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली आणि अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये पुस्तक आलं. त्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. जी कविता जात्यावर, शेतात तोंडाने निघाली, ती कानाने घेणंच मला बरोबर वाटतं. सासूबाई जळगावकडच्या, त्या चाल लावून म्हणतात आणि मी भाजी निवडते. छापील पान यात नाही, तरी वाचनच आहे हे.

कळवा

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे, त्यामुळे यंदा वाचलं ते सगळं उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थेचे नियम, आणि कायदा. कुणाला कोरडं वाटेल, मला नाही वाटलं. संस्था नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते, हे 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका-मालकी कायद्याच्या नियमांत आहे. करून दिलं नाही, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याचा अर्ज करता येतो. आमच्या बिल्डरने वर्षानुवर्षं केलं नव्हतं. मजल्यावरच्या काका-काकूंना संध्याकाळी एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी प्रश्न विचारले, मी पुन्हा वाचलं. आता सभेत तेच कलमाचा आकडा सांगतात. मला त्याचा फार आनंद आहे.

वाशी

निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी घेतली आहे, महिन्याला एक अध्याय. अठरा अध्याय, तेव्हा वर्षात पुरी होणारच नव्हती आणि घाईही नाही. शाळेत पाठ केलेलं पसायदान शेवटी येतं, पण तिथवर चालत जायचं ठरवलं आहे. सहावा अध्याय मला सगळ्यांत जड गेला. योगाचं वर्णन इतकं बारीक, की अर्थाची वही शेजारी ठेवून एकेक ओवी दोन-दोनदा वाचली. बाराव्यात मात्र थांबून राहावंसं वाटलं. भक्ताची लक्षणं सांगताना माउलींचा स्वर मऊ होतो.

जानेवारीत तेरावा सुरू करतोय. अठरावा एकटाच अठराशेहून जास्त ओव्यांचा आहे, तो एकट्याने वाचायचा नाही असं मनात आहे. वाशी-कोपरखैरणे भागात कुणाला बरोबर वाचायला यायचं असेल तर इथे लिहा, सकाळची वेळ मला सोयीची.