ऑक्सिजन शेवटी घ्या
वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की रासायनिक समीकरणात दोन्हीकडचे अणू सारखे करायला आकडे अंदाजाने टाकत जायचं, कधीतरी समीकरण जुळतंच. नाही पटलं, पोरं तिथेच कंटाळतात. माझ्याकडे कळव्यातली नववीची मुलं शिकायला येतात, त्यांना मी सांगते आधी कार्बन, मग हायड्रोजन आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. परवा गॅस सिलिंडरमधला ब्युटेन (C₄H₁₀) ऑक्सिजनमध्ये जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं ते समीकरण घेतलं, कार्बन ४ म्हणून कार्बन डायऑक्साइड ४, हायड्रोजन १० म्हणून पाणी ५, उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले १३ आणि एकीचं पेन तिथेच अडलं, कारण ऑक्सिजन तर जोडीने येतो ना. म्हटलं डावीकडे ऑक्सिजनपुढे (O₂) साडेसहा लिही बिनधास्त, मग सगळंच दुप्पट कर. ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. दोन्हीकडे ऑक्सिजनचे २६ अणू, तिने बोटाने दोनदा मोजले.