अकरावीतील भाचीसाठी मदत हवी आहे

माझी अकरावीतील भाची राग किंवा अपराधीपणा असह्य झाला की स्वतःला इजा करून घेते, हे नुकतेच घरी कळले. मरण्याचा विचार नसतो, ताण क्षणभर उतरतो म्हणून करते, असे ती सांगते. तरीही अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून आम्ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोलून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. ताई मात्र रोज तिचे हात तपासते आणि त्यामुळे, निदान माझ्या मते, भाची अधिकच मिटून जाते. भावना सावरण्याची कौशल्ये शिकवणारी, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती मराठीतून देणारे कोणी सातारा-कोल्हापूर भागात आहे का? शिवाय, पाळत न ठेवता तिची सुरक्षितता कशी जपावी, हे अनुभवी पालकांनी किंवा समुपदेशकांनी कृपया सांगावे.