मदत हवी आहे: काकांच्या जुन्या प्रेस निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येतोय

माझे काका ठाण्यात पेपरसाठी फोटो काढायचे, त्यांच्या ७०-८० च्या दशकातल्या ३५ एमएम ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आता माझ्याकडे आल्यात. कडेवर ‘कोडॅक सेफ्टी फिल्म ५०६३’ असं आहे, म्हणजे कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म, जुनी पटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म नाही. मोर्चे, खाडीकाठ, जुनं स्टेशन, सगळं ठाणंच आहे त्यात, त्यामुळे एकही फ्रेम जाऊ द्यायची नाहीये.

निगेटिव्ह स्कॅन करायला कॅमेऱ्यानेच त्यांचे फोटो घेतोय: डीएसएलआर, मॅक्रो लेन्स, खाली एलईडी पॅनल, एफ/८ ला रॉ मध्ये काढतोय. पण पट्ट्या आडव्या वळल्यात, मध्ये ग्रेन (फिल्मचे बारीक कण) एकदम कडक दिसतो आणि कडा सॉफ्ट. जाड पुस्तकांखाली दाबून ठेवल्या, थोडा फरक पडला, बाहेर काढल्या की परत वळतात. साधी काच ठेवली तर इंद्रधनुषी रिंगा येतात. स्कॅनरची आपोआप धूळ काढायची सोय चांदीच्या फिल्मवर चालत नाही म्हणून तो नको.

वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या केल्यात कारण फिल्म खराब होताना सुटणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिड बाकीच्यांनाही लागतं म्हणे. घरात एसी नाही आणि इकडे पावसाळ्यात दमट किती असतं ते माहितीच आहे. कुरियरने कुठेही पाठवायच्या नाहीत आणि काकांनी पाकिटांवर पेनाने लिहिलेल्या तारखा-ठिकाणं आहेत, तो क्रम मोडायचा नाहीये.

तर स्कॅन होईपर्यंत वासाच्या पट्ट्या सिलिका जेल घालून झिपलॉकमध्ये फ्रिजला ठेवू का, की बंद पिशवीत वाफ कोंडून जास्त खराब होतील? आणि अँटी-न्यूटन काच (त्या इंद्रधनुषी रिंगा येऊ न देणारी) ठाणे-मुंबईत सुटी कुठे मिळेल?