१०० लोकांमागे ८१ चिठ्ठ्या: हा आकडा कसा वाचावा?

आकडेमोड:
दीर्घकालीन वेदनांच्या उपचारांवर टिपण लिहीत असताना अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची आकडेवारी पाहण्यात आली. २०१२ साली तिथे दर १०० लोकसंख्येमागे ओपिऑइडची, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामकांची, ८१.३ प्रिस्क्रिप्शने (चिठ्ठ्या) दिली गेली आणि २०२० पर्यंत हा दर ४३.३ वर उतरला. म्हणजे २०१२ मध्ये दर पाचांपैकी चौघे ही औषधे घेत होते, असे समजायचे का? आणि दर निम्म्यावर आला म्हणून प्रश्नही निम्मा सुटला, असे लिहिता येईल का?

मात्राविचार:
हा आकडा चिठ्ठ्यांचा आहे, माणसांचा नव्हे. ऑक्सिकोडोनसारख्या तीव्र ओपिऑइडच्या चिठ्ठीवर तिथल्या कायद्यानुसार रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, मिळत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे कंबरदुखी सोसणारा रुग्ण दरमहा नवी चिठ्ठी घेत असेल, तर वर्षाअखेर त्याच्या एकट्याच्या नावावर बारा चिठ्ठ्या जमतात. अक्कलदाढ काढल्यावर तीन दिवस गोळ्या घेणाऱ्याच्या नावावर मात्र एकच, आणि बेरजेत त्या एकीचे वजन बारांपैकी कोणत्याही एकीइतकेच.

चिठ्ठीत किती गोळ्या होत्या आणि किती ताकदीच्या, हेही या दरातून कळत नाही. त्यासाठी मात्रा मॉर्फिनच्या मापात बदलून घेतात. दिवसाला ४० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन म्हणजे त्याच्या दीडपट, ६० मिलिग्रॅम मॉर्फिन. पण ही मोजपट्टीही अधूनमधून बदलते. ट्रॅमाडॉल या सौम्य ओपिऑइडचा गुणक (मॉर्फिनच्या मापात आणताना ज्याने गुणायचे तो आकडा) सीडीसीने आधी ०.१ धरला होता, तो २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ०.२ झाला. रोज ५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने एक गोळीही वाढवली नाही, तरी कागदावर तो मॉर्फिनच्या मापात २० वरून ४० मिलिग्रॅमवर गेला.

नोंदवही:
यात मृत्यूंची बाजू राहिली. चिठ्ठ्या घटत असताना ओपिऑइडशी संबंधित मृत्यू एकंदरीत वाढले. २०१० मध्ये ते सुमारे २१ हजार होते, २०२१ मध्ये सुमारे ८० हजार. या वाढीचा मोठा भाग बेकायदा बनवलेल्या फेंटॅनिल या अतितीव्र ओपिऑइडचा आहे. गोंधळ असा, की मृत्यूच्या नोंदीत डॉक्टरने दिलेले आणि रस्त्यावर विकले गेलेले फेंटॅनिल एकाच संकेतांकाखाली येते. सीडीसीच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये हे मान्य केले: २०१६ मधील 'प्रिस्क्रिप्शन ओपिऑइड' मृत्यू जुन्या पद्धतीने ३२,४४५ भरतात, तर हा संकेतांक वगळल्यास १७,०८७. यांतला कोणता आकडा घेतला, हे न सांगता लिहिलेला लेख मी तरी पुढे वाचत नाही.

मात्राविचार:
सहमत. शिवाय दर उतरला तो नव्या रुग्णांना ही औषधे कमी दिल्याने, की जुन्या रुग्णांची मात्रा तोडल्याने, हेही त्यातून दिसत नाही. यातला दुसरा प्रकार धोक्याचा आहे. मात्रा एकाएकी कमी केल्यास तीव्र वेदना, मानसिक त्रास, अगदी आत्महत्याही ओढवू शकते, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये दिला होता.

आकडेमोड:
आभारी आहे. 'दर पाचांपैकी चौघे' हे वाक्य मी टिपणात लिहूनही टाकले होते. ते आता काढतो. ४३.३ शेजारी मृत्यूंचा आकडा देईन, तो कोणत्या पद्धतीने मोजला आहे या उल्लेखासह.