मदत हवी आहे : वरचा जबडा पुढे नेमके काय ढकलते?

चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या वाढीचा अभ्यास करताना काही प्रश्न अडले आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जन्मापूर्वीचा टप्पा मला बऱ्यापैकी उमगला आहे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भ्रूणाच्या तोंडाभोवती उंचवटे दिसू लागतात, सहाव्या-सातव्या आठवड्यांत ते जुळून वरचा ओठ तयार होतो, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबणारे टाळूचे भाग आडवे होऊन साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत एकमेकांना सांधले जातात.

खरी अडचण पुढे आहे. जन्मानंतर वरचा जबडा खाली व पुढे सरकतो, पण त्याच काळात त्याच्या पुढच्या पृष्ठभागाचे हाड बऱ्याच अंशी शोषले जाते आणि मागे नवे हाड साचते (हे प्रथम वाचले तेव्हा मला छपाईची चूकच वाटली होती). मग पुढे ढकलणारे बल कोणते? चेहऱ्याच्या वाढीचे अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी नाकाच्या पडद्यातील कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीला) महत्त्व दिले, तर दुसरे अभ्यासक मेल्विन मॉस यांच्या मते हाड आणि कूर्चा भोवतालच्या मऊ ऊती व पोकळ्यांच्या वाढीला केवळ प्रतिसाद देतात. मला स्कॉट यांचे मत गर्भावस्था आणि पहिली काही वर्षे यांपुरते अधिक पटते. हे विभाजन योग्य आहे का?

शिवाय, पुढच्या पृष्ठभागाचे हे शोषण जन्मापूर्वीच सुरू होते, की दुधाचे दात येऊ लागल्यावर?