कॉन्फिगरेशन फाइल : जोडणी, विन्यास की सेटिंग?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांसाठी एका सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका करतोय. एकीकडं हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसरीकडं स्पेक्ट्रोचे (धातूत कुठले घटक किती, ते मोजणाऱ्या यंत्राचे) रिपोर्ट. मधे माहिती नेणारा 'कनेक्टर'. त्यानं माहिती कुठून उचलायची, कुठं टाकायची, किती मिनिटांनी टाकायची, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं; ती कॉन्फिगरेशन फाइल. जुन्या पुस्तिकेत वाक्य होतं, 'संयोजकाची विन्यास धारिका संपादित करून संयोजक पुनःप्रारंभ करा.' रात्रपाळीच्या सुपरवायझरनं फोन करून विचारलं, संयोजकांचा नंबर द्या. त्याचं काय चुकलं? गणेशोत्सवापासून कुस्तीच्या मैदानापर्यंत संयोजक हा माणूसच असतो. मी 'जोडणी फाइल' सुचवलं, तर ऑफिसात सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. काय लिहू?

रंकाळा_वेस
मान हलवणारच. आपल्याकडं 'जोडण्या लावणं' म्हणजे निवडणुकीआधी कोण कुणाच्या पॅनेलला, कुणाला कुठलं पद, याची गणितं. पेपरात रोज असतं, 'पडद्याआड जोडण्यांना वेग'. त्या अर्थाची फाइल कोण उघडून दाखवेल?

मास्तर_कागल
असहमत. वीजजोडणी, नळजोडणी हे रोजचे शब्द आहेत. बिलावर छापून येतात. एका अर्थानं दुसरा मरत नाही. आणि 'विन्यास'ची एवढी हेटाळणी नको. 'महापौर' सावरकरांनी दिला तेव्हा तोही जडच वाटला असेल. आज मेयर कोण म्हणतं? शब्द वापरला की मऊ होतो.

शिरोलीकर
सर, महापौर हा मान आहे, लोक तो कौतुकानं उच्चारतात. ही फाइल रात्री दोनला भट्टीजवळच्या केबिनमध्ये उघडायची असते. तिथं शब्द मऊ व्हायला वेळ नाही.

उद्यमनगर_टर्नर
आमच्या शॉपमध्ये शब्द तयार आहे : सेटिंग. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर जॉब चालवतो, सेटर टूलचे ऑफसेट, म्हणजे मापातल्या फरकाचे आकडे, भरतो. मशीन तेच, प्रोग्राम तोच, आकडे जॉबप्रमाणे बदलायचे. तुमची फाइल नेमकं हेच करते. 'सेटिंग फाइल' लिहा, पोरगंसुद्धा समजेल. आणि कनेक्टरला 'कपलिंग'. मोटर अन् पंप वेगळे, मधे कपलिंग.

रंकाळा_वेस
दादा, 'सेटिंग लावली' म्हणजे काय होतं ते माहीत आहे न्हवं? जोडणीवरून उठून तिथंच बसलो की.

मास्तर_कागल
शिवाय कपलिंग नुसतं फिरणं पुढं देतं. कनेक्टर मधे माहितीचं रूपही बदलतो, तारीख एका पद्धतीची घेऊन दुसऱ्या पद्धतीची देतो. त्याला 'दुभाष्या' म्हणा.

सातवी_गल्ली
दुभाष्या छान आहे! माझा आक्षेप 'संपादित करा'ला. गावाकडं संपादन म्हटलं की पहिल्यांदा भूसंपादन आठवतं. 'फाइलीत बदल करा' एवढं पुरे. 'धारिका' तर मी शाळेबाहेर कुठं ऐकलेली नाही. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत फाइलच.

मास्तर_कागल
शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणूनच ना? त्याच राज्यात राहून आपण 'फाइल'पुढं हात टेकायचे?

सातवी_गल्ली
करवून घेतला, त्याचा अभिमानच आहे. पण चिटणीस, फडणीस, कारखानीस टिकलेच. पक्षाचा जिल्हा चिटणीस अजून निवडला जातो. शब्द घरात आला, नांदला, की तो सुनेसारखा घरचाच.

शिरोलीकर
आणखी एक अडचण. नमुन्यात मी फोल्डरचा पत्ता डी:\टेस्ट असा (इंग्रजी छोट्या अक्षरांत) दिला होता. फोल्डर डोळ्यांसमोर दिसतंय, तरी कनेक्टर म्हणतो सापडत नाही.

उद्यमनगर_टर्नर
फाइल डॉट प्रॉपर्टीज असेल, जावा या प्रोग्रामिंग भाषेवाली. तिच्यात बॅकस्लॅश (\) हे खुणेचं चिन्ह आहे. त्याच्यामागून टी आला की दोन्ही मिळून टॅब समजतात, मग फोल्डर कसं सापडणार? बॅकस्लॅश दोनदा लिहा, नाहीतर सरळ उलट्या दिशेचा स्लॅश (/) वापरा. आणि बदल करण्याआधी मूळ फाइलीची कॉपी तारीख घालून ठेवायची, हे तुमच्या पुस्तिकेत पहिल्या ओळीत पाहिजे.

सातवी_गल्ली
त्याच फाइलीत मराठी नावं असतील तर तीही बघा. जावात अशा फाइली सहसा जुन्या लॅटिन संकेतानं वाचल्या जातात; पुरवठादाराचं देवनागरी नाव भरलं की पलीकडं चिन्हांचा कचरा. यमल (YAML) या दुसऱ्या पद्धतीची फाइल वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, पण तिथं ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते.

शिरोलीकर
दोन बॅकस्लॅश घातले, चाललं. धन्यवाद दादा. आता शब्दाचं बोला.

मास्तर_कागल
'बॅकस्लॅश'ला मराठीत काय म्हणणार? मी 'उलटी तिरकी रेघ' म्हणतो.

उद्यमनगर_टर्नर
सर, उलटी कुठली? डावीकडून बघितलं तर तीच सुलटी. चित्र काढून द्या.

रंकाळा_वेस
आमच्या आजोबांच्या चोपडीत तिरक्या रेघेनं आणे-पै वेगळे करायचे. तिला त्यांचा काहीतरी शब्द होता, वडिलांना विचारून सांगतो.